बॉयलर चालवायला परीक्षा, त्याचं लॅगिंग सोलायला काहीच नाही

प्रति,
माननीय कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
माननीय संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, मुंबई

विषय : ॲसबेस्टॉसचे पत्रे, लॅगिंग (बॉयलरवर आणि वाफेच्या नळ्यांवर उष्णता टिकवायला दिलेलं वेष्टण) आणि इतर माल उतरवणाऱ्यांसाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र सक्तीचं करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी २७ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. ज्या कामाबद्दल हे पत्र लिहितोय ते काम एकदा माझ्याच सहीने झालंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२००९ चा मे महिना. आमच्या कारखान्याच्या जुन्या शेडचे पत्रे बदलायचे होते. सिमेंटचे पत्रे, म्हणजेच ॲसबेस्टॉसचे. पाऊस तोंडावर आला होता. ठेकेदाराने नऊ माणसं आणली. मी वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाच्या परवानगीचा कागद, भरला. उंचीवरचं काम, सेफ्टी बेल्ट, लाइफलाइन, पत्र्यावर पाय न देता फळ्यांवरून चालणं, खाली दोरी बांधून रस्ता बंद. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो, पाय पडला की माणूस आरपार खाली येतो, हे मला चांगलं ठाऊक होतं आणि प्रत्येकाला मी ते दोन-दोनदा बजावलं. नऊपैकी कुणाला साधं खरचटलंही नाही. संध्याकाळी परमिट बंद केलं, ‘अपघात : शून्य’ असं लिहिलं आणि समाधानाने घरी गेलो.

त्या परमिटवर ‘धूळ’ हा शब्द कुठेच नाही.

दिवसभर झालं ते असं. पत्रे ज्या हुकांनी छपराच्या कैचीला (सांगाड्याला) धरून ठेवले होते ते सगळे गंजलेले. एकाचाही नट फिरेना. मग माणसांनी सोपी वाट धरली : हुकाच्या भोवती हातोडा मारायचा, पत्रा फोडायचा, तुकडे खाली टाकायचे. तीस फुटांवरून तुकडा काँक्रीटवर पडला की राखाडी धुरळा उठायचा. भिंतीत अडकलेले पत्रे एक जण ग्राइंडरने कापत होता, कोरडेच. जेवायला सगळे त्याच तुकड्यांच्या ढिगावर बसले, कारण सावली तिथेच होती. त्यांच्यात बीडकडचा एक विशीतला पोरगा होता. त्याच्या भुवया आणि पापण्या राखाडी झाल्या होत्या. त्याने आपणहून रुमाल ओला करून तोंडाला बांधला होता. त्या दिवशी त्या आवारात धुळीविरुद्ध झालेला उपाय तेवढाच, आणि तो माझा नव्हता. काम संपल्यावर त्याने शर्ट काढला, शेडच्या खांबावर चारपाच वेळा आपटला, पुन्हा अंगात घातला आणि घरी गेला. तिरक्या उन्हात ती धूळ बराच वेळ तरंगत होती. मी तिथे उभा राहून पाहत होतो.

शेवटी खराट्याने आवार झाडलं आणि दोन टेम्पो भरून तुकडे गेले. कुठे, असं मी विचारलं. ‘साहेब, भरावाला चालतो हा माल,’ असं ठेकेदार म्हणाला, आणि मी मान डोलावली.

मी अडाणी नव्हतो. माझ्याकडे सुरक्षेचा डिप्लोमा होता. ‘ॲसबेस्टॉसिस’ हा शब्द मला परीक्षेपुरता पाठ होता. पण तो आजार आणि डोळ्यांसमोरचा तो पत्रा यांचा संबंध मला कुणी हात धरून दाखवला नव्हता. त्या पोरालाही कुणी दाखवला नव्हता. फरक इतकाच, की त्याने धूळ छातीत घेतली आणि मी फक्त सही केली.

ॲसबेस्टॉस हा खनिज दगड, पण कापसासारखा पिंजला जाणारा. आपल्याकडच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲसबेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल असतो. बाकी सिमेंट आणि राख. पत्रा धड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात आणि धोका कमी असतो. त्याच्याखाली राहणाऱ्या लाखो लोकांना उगीच घाबरवून सोडण्यात अर्थ नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. तो फोडला, कापला, घासला, भोक पाडलं किंवा उन्हापावसाने त्याचा वरचा थर झिजला, की तंतू सुटतात. धोक्याचे तंतू ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांनी डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. बंद जागेत ते तासन् तास हवेत राहतात. फुप्फुसात गेलेले विरघळत नाहीत. पुढे होतात ते आजार म्हणजे फुप्फुस घट्ट करणारा ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲसबेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. कामाच्या जागी घेतलेल्या ॲसबेस्टॉसमुळे जगात दर वर्षी २ लाखांहून जास्त माणसं मरतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

धूळ घेतल्यापासून आजार दिसेपर्यंत १० ते ४० वर्षं जातात, मेसोथेलिओमात कधी त्याहूनही जास्त. या एका गोष्टीवर माझी सगळी मागणी उभी आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी अशी विनंती.

आता शीर्षकातली गोष्ट. आपल्या राज्यात बॉयलर चालवणाऱ्याला बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यावी लागते. त्याने आधी इतकी वर्षं हाताखाली काम केलेलं असावं लागतं, मग लेखी-तोंडी परीक्षा, मग प्रमाणपत्र. घरातली वायरिंग करायला वायरमनचा परवाना लागतो. हे योग्यच आहे. पण त्याच बॉयलरवरचं जुनं लॅगिंग सोलायला, मॅनहोलच्या दाराची ॲसबेस्टॉसची दोरी खरवडून काढायला, वाफेच्या नळ्यांवरचा पांढरा लेप हातोडीने फोडायला नाक्यावरून कोणालाही उचलून आणता येतं. आणि हे लॅगिंग पत्र्यापेक्षा कितीतरी वाईट. पत्र्यातले तंतू निदान सिमेंटमध्ये असतात. जुनं लॅगिंग हाताने चुरडलं तरी भुकटी होतं. बॉयलर फुटला तर त्याच क्षणी सगळ्यांना कळतं. लॅगिंगने माणूस मरतो तो तीस वर्षांनी, गावाकडच्या एखाद्या सरकारी दवाखान्यात. त्या मरणाचा आवाज कारखान्यापर्यंत येत नाही, म्हणून परीक्षाही नाही.

कायदे अजिबात नाहीत असं मी म्हणत नाही. ॲसबेस्टॉसचा माल तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी नियम आहेत. भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत : आयएस ११७६८ ॲसबेस्टॉसच्या टाकाऊ मालाच्या विल्हेवाटीबद्दल, आयएस ११७६९ ॲसबेस्टॉसचा माल सुरक्षितपणे वापरण्याबद्दल. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे, असं ठणकावून सांगितलं. ॲसबेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांपैकी जे नंतर संपेल तोवर ठेवायचा आदेश दिला. ज्या न्यायाधीशांनी ४० वर्षांचा आकडा लिहिला त्यांना या आजाराची चाल नीट कळली होती.

पण हे सगळं पत्रा जन्माला घालणाऱ्यांसाठी. कारखान्यातल्या कामगाराला हजेरीपट असतो, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर असतो, वर्षाचा एक्स-रे असतो. पत्रा मोडणाऱ्याला यातलं काहीच नाही. आज हा ठेकेदार, पंधरा दिवसांनी दुसरा, पावसाळ्यात गावी, दिवाळीनंतर ऊसतोडीला. त्याची नोंद कोण ठेवणार आणि कशावर?

गुजरातमधल्या अलंगचं उदाहरण घ्या, जिथे जुनी जहाजं मोडतात. जहाजांत ॲसबेस्टॉस ठासून भरलेला असतो. ‘क्लेमेन्सो’ ही फ्रेंच नौदलाची जुनी विमानवाहू नौका २००६ साली अलंगच्या वाटेवरून फ्रान्सला परत न्यावी लागली, ती मुख्यतः तिच्यातल्या ॲसबेस्टॉसमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या त्याच वर्षीच्या अहवालात नोंद आहे, की अलंगमध्ये ॲसबेस्टॉस हाताळणाऱ्या ज्या कामगारांना तपासलं त्यातल्या १६ टक्क्यांत ॲसबेस्टॉसिसची सुरुवातीची चिन्हं दिसली. निदान तिथे कामगारांना तपासलं तरी. आणि आता अलंगमध्ये जहाजावर चढण्याआधी कामगाराला सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. जुनी शेड उतरवणाऱ्या आमच्या पोरांना इतकंही नाही.

बाहेर हे कसं करतात ते मी निवृत्तीनंतर बसून वाचून काढलं. अमेरिकेने १९८६ साली शाळांतल्या ॲसबेस्टॉससाठी कायदा केला आणि १९९० साली प्रशिक्षणाची अट सार्वजनिक व व्यापारी इमारतींनाही लावली. तिथे पाच वेगवेगळी कामं मानली आहेत आणि प्रत्येकाचं वेगळं प्रशिक्षण आहे. उतरवणाऱ्या कामगाराला ४ दिवस, त्यातले किमान १४ तास प्रत्यक्ष हाताने काम. त्याच्या मुकादमाला किंवा ठेकेदाराला ५ दिवस. इमारतीत ॲसबेस्टॉस कुठे आहे ते शोधून नमुने घेणाऱ्याला ३ दिवस. सापडलेल्याचं पुढे काय करायचं, काढायचा की झाकून ठेवायचा, याचा आराखडा करणाऱ्याला त्यावर आणखी २ दिवस. काढण्याच्या कामाचं नियोजन करणाऱ्याला ३ दिवस. शेवटी परीक्षा, ७० टक्के गुण मिळाले तर पास. प्रमाणपत्र एकाच वर्षाचं, पुढच्या वर्षी उजळणी केली नाही तर बाद. नुसते छपराचे पत्रे उतरवणाऱ्यांना तिथल्या कामगार सुरक्षा नियमांत कमी प्रशिक्षण चालतं, पण तेही ८ तासांचं आणि त्याच मालावर हात चालवून. शाळेत झाडलोट करणाऱ्या कर्मचाऱ्यालासुद्धा २ तासांची ओळख करून द्यावीच लागते.

ब्रिटनच्या २०१२ च्या नियमांतली एक गोष्ट मला त्याहून जास्त पटली. तिथे ॲसबेस्टॉस काढणारेच नव्हे, तर चुकून त्याला हात लागू शकेल असे सगळे, म्हणजे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, यांनाही तो ओळखण्याचं प्रशिक्षण द्यावं लागतं. आपल्याकडे डोळ्यांसमोर आणा : सिमेंटच्या पत्र्यावर टीव्हीची डिश बसवणारा, सोलर पॅनेलचे क्लॅम्प ठोकणारा, एक्झॉस्ट फॅनसाठी पत्र्याला गोल भोक पाडणारा. या तिघांच्या हातात ड्रिल असतं, आणि ड्रिलची धूळ सरळ तोंडावर येते.

या देशांनी ॲसबेस्टॉस वापरायलाच बंदी घातली आहे आणि तरीही ते प्रशिक्षणाच्या अटी कडक करत चालले आहेत. युरोपीय संघाने तर कामाच्या जागच्या हवेतल्या तंतूंची मर्यादा २०२३ च्या नव्या निर्देशाने दहापट कमी केली, दर घनसेंटिमीटरला ०.१ वरून ०.०१. बंदी घातली म्हणून छपरावरचे पत्रे आपोआप नाहीसे होत नाहीत. आपल्याकडे बंदीचा वाद चालू राहील. देशात ॲसबेस्टॉसच्या नव्या खाणींना १९८६ पासून परवानगी नाही, पण रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून माल येतो आणि पत्रे बनतात. माझं मत बंदीच्या बाजूने आहे. पण या पत्रात मी ते मागत नाही. उद्या बंदी आली तरी आपल्या गोठ्यांवर, शाळांवर, शेडवर जे चढलेलं आहे ते उतरवायला कुणाचे तरी हात लागणारच आहेत. त्या हातांविषयी मी लिहितोय.

माझी सासुरवाडी श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर काही दिवसांनी मी तिथे पोचलो. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, आणि आडव्या झालेल्या सुपाऱ्यांखाली, विहिरीत, परसात, अंगणात, सगळीकडे पत्र्यांचे तुकडे. बायका घमेल्यात ते गोळा करत होत्या. अंगण खराट्याने झाडत होत्या. पोरं तुकड्यांवर उड्या मारून ते मोडत होती, कारण तो कडकन आवाज त्यांना आवडत होता. लॉकडाऊनचे दिवस, त्यामुळे बहुतेकांच्या तोंडाला कापडी मास्क होता, आणि त्या मास्कचा या तंतूंसमोर काडीचाही उपयोग नव्हता. रस्त्यावरच्या चिखलात तुकडे पसरून, वरून ट्रॅक्टर फिरवून रस्ता ‘पक्का’ केला होता. जी माणसं छप्पर गेल्यामुळे आधीच उन्मळली होती त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की झाडू नका? त्यांच्याकडे दुसरं काय होतं? एका तालुक्यात शिकलेली दहा माणसं असती, दोन फवारणी पंप आणि जाड प्लास्टिकचा एक रोल असता, तर त्या गावांत काय वेगळं झालं असतं याचा विचार मी तेव्हापासून करतोय. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि सगळं पुन्हा तसंच झालं.

प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवणं नव्हे. हे काम हाताने शिकायचं आहे, आणि शिकायला अवघडही नाही. पत्रा आधी भिजवायचा, शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाने. पाण्यात थोडं भांड्यांचं साबण घातलं की पाणी पत्र्यावरून ओघळून न जाता आत मुरतं. प्रेशर वॉशर कधीच नाही. गंजलेला हुक पत्रा फोडून काढायचा नाही, बोल्ट कटरने हुकच तोडायचा. पत्रा अख्खा सुटला पाहिजे. मग दोघांनी धरून, हातोहात खाली द्यायचा. फेकायचा नाही, ओढायचा नाही. खाली जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचा, चिकटपट्टी लावायची, वर ‘ॲसबेस्टॉस’ असं ठळक लिहायचं, आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांत पाठवायचा. जमिनीवरचे बारीक तुकडे ओल्या फडक्याने टिपायचे. खराटा हातात घ्यायचाच नाही.

त्यातही सगळ्यात अवघड गोष्ट आहे ती कपडे उतरवण्याची. आधी अंगावरचा ओव्हरऑल ओल्या फडक्याने पुसायचा, मग तो आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा, आणि मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. नवीन माणूस हमखास उलटं करतो. घाम आलेला असतो, जीव गुदमरलेला असतो, म्हणून तो आधी मास्क ओढतो आणि मग धुळीने भरलेला ओव्हरऑल नाकासमोरून काढतो. दिवसभर मास्क लावल्याचं सगळं त्या अर्ध्या मिनिटात पाण्यात जातं. हे सांगून समजत नाही. मी सुचवतो ते असं : शिकाऊ माणसाच्या ओव्हरऑलवर मूठभर गुलाल टाका आणि त्याला तो काढायला सांगा. गुलाल कुठे कुठे लागला ते आरशात दाखवा. मानेवर, ओठावर, केसांत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला गुलाल लागायचा थांबतो. तेव्हाच तो शिकला. तसंच मास्कचं : आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी ३ दर्जाचा, म्हणजे सगळ्यात बारीक धूळ गाळणारा, मास्क असला तरी दाढी असेल तर कडेने हवा आत येते, आणि कोणता मास्क कोणत्या चेहऱ्याला बसतो हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्या बीडच्या पोराला हे दोन दिवसांत शिकवता आलं असतं. त्याच्याकडे अक्कल होती. रुमाल त्याने आपणहून ओला केला होता.

आता मागणी. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता देशात लागू झाली आहे आणि तिच्याखाली नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. त्या नियमांत ॲसबेस्टॉस उतरवण्याचं, फोडण्याचं, सोलण्याचं काम प्रमाणपत्राशिवाय कुणी करणार नाही आणि कुणी करवून घेणार नाही, अशी स्पष्ट तरतूद करा. छपराचे पत्रे उतरवणाऱ्यांना माझ्या मते २ दिवस पुरेत, त्यातला दीड दिवस प्रत्यक्ष काम. लॅगिंग आणि बंद जागेतल्या कामाला अमेरिकेसारखे ४ दिवस हवेतच, तिथे तडजोड नको. मुकादमाला त्याहून एक दिवस जास्त, कारण घाई करायचा हुकूम त्याच्याच तोंडून निघतो. भाषा मराठी आणि हिंदी. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याची परीक्षा तोंडी आणि हाताने, त्याला नापास करायला कागद पुढे करू नका. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी त्याला मिळाली पाहिजे, नाहीतर तो येणार नाही आणि त्याने यावं असं म्हणण्याचा आपल्याला हक्कही नाही. इमारत पाडण्याची किंवा छप्पर बदलण्याची परवानगी देताना प्रमाणित तपासनिसाचा अहवाल महापालिकेने, नगरपालिकेने मागावा. पत्रा ॲसबेस्टॉसचा आहे की बिनॲसबेस्टॉसचा हे नुसतं पाहून कुणालाही सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. तेव्हा नमुना कसा घ्यायचा हे येणारी माणसं आधी तयार करावी लागतील.

जागा आणि पैसा आपल्याकडे आहे. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. त्यांच्या आवारात माणसाच्या उंचीचा एक खोटा सांगाडा उभा करून त्यावर बिनॲसबेस्टॉसचे पत्रे टाकले की शाळा तयार. अभ्यासक्रम करायला सायनची केंद्रीय कामगार संस्था मुंबईतच आहे. बांधकामावर १ टक्का उपकर गोळा होतो. तो ज्या कायद्याच्या कामगारांसाठी आहे त्या कायद्याच्या व्याख्येत इमारत पाडणंही येतं.

‘ही माणसं सारखी बदलतात, कुणाकुणाला शिकवणार?’ असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं होतं. पण माणूस बदलतो म्हणूनच प्रमाणपत्र माणसाच्या नावाने हवं, ठेकेदाराच्या नावाने नको. आणि इथे मी मघाच्या ४० वर्षांकडे येतो. भरपाईच्या कायद्यात ॲसबेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा व्यावसायिक आजार म्हणून लिहिलेले आहेत. हक्क आहे. पण तो पोरगा आज पस्तिशी-चाळिशीत असेल. आणखी वीस वर्षांनी त्याला धाप लागायला लागली तर तो जिल्ह्याच्या दवाखान्यात जाईल. डॉक्टर विचारतील, ‘काम काय करायचात?’ तो म्हणेल, ‘मजुरी.’ एक्स-रेवर सावली दिसली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा असतो. औषधं सुरू होतील. २००९ च्या मे महिन्यात त्याने ॲसबेस्टॉस फोडला होता हे सांगणारा एकही कागद त्याच्यापाशी नाही. त्याला स्वतःलाही ते माहीत नाही. त्याच्या खिशात नंबर असलेलं एक कार्ड असतं, त्यावर प्रत्येक कामाची तारीख आणि जागा चढलेली असती, तर डॉक्टरला पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि भरपाईच्या दाव्यात ते कार्ड पुरावा झालं असतं. न्यायालयाने सांगितलेली ४० वर्षांची नोंद या फिरत्या माणसांच्या बाबतीत ठेवायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. कार्ड हरवेल, म्हणून त्याची प्रत संचालनालयाकडे हवी.

एक भीती आहे, ती लपवत नाही. प्रमाणपत्र सक्तीचं झालं की ते विकणारेही उगवतील. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात एका मोठ्या ॲसबेस्टॉस प्रशिक्षण संस्थेने एक दिवसही वर्गात न बसलेल्या शेकडो जणांना प्रमाणपत्रं दिली होती. २००८ साली तिच्या मालकिणीला न्यायालयाने दोषी ठरवलं. आपल्याकडे हे होणारच नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून परीक्षा शिकवणाऱ्याने घेऊ नये, दुसऱ्याने घ्यावी. आणि तुमच्या निरीक्षकाने साइटवर कार्ड नुसतं बघू नये, कार्डवाल्याला मास्क लावून दाखवायला सांगावं. दोन मिनिटांत कळतं.

सगळं राज्य एकदम नको. येत्या एप्रिलमध्ये, पावसाआधी पत्रे बदलण्याची कामं सुरू होतात तेव्हा, रायगड आणि रत्नागिरीतल्या किनारपट्टीच्या तालुक्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक तालुक्यात दहा माणसं. वादळ आलं तर तीच माणसं सगळ्यात आधी बाहेर पडतील. शिकवायला लागलं तर मी येईन, मानधन नको. फवारणी पंप माझ्याकडे आहे, गुलालही मीच घेऊन येईन.

सोबत २००९ च्या त्या वर्क परमिटची झेरॉक्स जोडली आहे. कारखान्याचं नाव झाकलं आहे. खाली सुरक्षा अधिकारी म्हणून जी सही आहे ती माझी.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी
नवी मुंबई